पहाटेची उसनवारी



उन्हाळ्यात आमच्या नागपुरात सकाळ नसतेच. पहाट असते आणि मग एकदम दुपार. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकतो तेव्हा सकाळी सातलाच अंगाची लाही व्हायला लागते. म्हणून ज्याला धावायचं आहे त्याला पाचच्या आत घराबाहेर पडावं लागतं. पुरुषाला त्यासाठी फक्त गजर लावावा लागतो. बाईची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. कणीक भिजवून ठेवायची, डब्याची भाजी चिरून ठेवायची, शाळेचे कपडे खुर्चीवर काढून ठेवायचे, नळ किती वाजता येणार ते लक्षात ठेवायचं. आणि हे सगळं झालं तरी एक प्रश्न उरतोच : लेकरू मधेच उठलं, तर त्याच्याजवळ कोण?

आज मला धावणाऱ्या आयांविषयी बोलायचं आहे. खरं म्हणजे या शेवटच्या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे, कारण सगळी मैत्री तिथून सुरू होते.

नागपुरात धावणाऱ्यांची ठिकाणं ठरलेली आहेत. अंबाझरीचा काठ, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ, सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट, रेशीमबागचं मैदान, मानकापूरचं क्रीडा संकुल. आमचं मैदान या यादीत बसणारं नाही. एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला एक मोडका बाक, आणि मधे माणसांच्या पायांनी पडलेली गोल वाट. एक चक्कर चारशे मीटरची आहे असं आम्ही धरून चालतो. दोन चकरा म्हणजे आठशे. हा आठशेचा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी तिथे जायला लागले ती डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढलीय म्हणून सांगितल्यावर. मी कविता लिहिणारी बाई, धावण्याचा आणि माझा संबंध फक्त बस पकडण्यापुरता. आजही मी दोन चकरा धावते, तिसरी चालते आणि बाकावर येऊन बसते. तरी मला तिथे मान आहे. तो माझ्या वेगाचा नाही, माझ्या रुमालाचा आहे. धावायला निघालेली प्रत्येकजण आपली किल्ली, कानातले, मोबाइल, कधी मंगळसूत्रसुद्धा माझ्याकडे देते. मी सगळं एका मोठ्या रुमालात बांधून मांडीवर ठेवते. ‘बाजींचा लॉकर’ असं त्याचं नाव पडलं आहे. नव्यानं आलेली एखादी मला हळूच विचारते, ‘बाजी, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?’ मी सांगते, ‘तुझं जसं चांगलं आहे तसंच. मीही इथलीच.’ ती हसते आणि किल्ली माझ्या हातात देऊन पळते.

आम्ही बारा-तेरा जणी आहोत. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळ्या ‘बाई’ म्हणतात. एक नर्स आहे, ती रात्रपाळी संपवून घरी जाण्याआधी अर्धा तास इथे येते. म्हणते, ‘घरी गेले की पुन्हा ड्युटीच सुरू होते, मधला हा अर्धा तास तेवढा माझा.’ एक पोळ्या करून देणारी आहे, एक वकिलीण आहे. एकमेकींची आडनावं आम्हाला वर्षभरानं कळली. कुणाचं बाळंतपण कसं झालं, ते मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आणि त्यात एक होती, सगळ्यांत लहान म्हणून जिला आम्ही ‘लहानी’ म्हणायला लागलो. लहानी म्हणजे बत्तीस वर्षांची. ताजबागेच्या मागच्या वस्तीत राहणारी, लग्नाआधी बारावी झालेली. तिला पोलिस भरतीत उतरायचं होतं.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांना याची कल्पना नसते, म्हणून थोडं सांगते. महाराष्ट्रात पोलिस शिपायाच्या भरतीत मैदानी परीक्षा आधी होते. मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, असे मिळून ५० गुण. त्यातले २० एकट्या आठशे मीटरला. निम्मे गुण तरी मिळाले तर पुढे लेखीचा विचार. वयाची अट साधारण खुल्या वर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३. म्हणजे लग्न झालेली, एखादं मूल असलेली मुलगी या परीक्षेला बसते तेव्हा ती दोन घड्याळांशी धावत असते. एक मैदानावरचं, एक जन्मतारखेचं. आणि अशा मुली थोड्या नाहीत. नागपूरच काय, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, कुठल्याही गावाच्या मैदानावर पहाटे जाऊन उभे राहा, ओढणी कमरेला करकचून बांधलेल्या या मुली दिसतील. शहरातले लोक तब्येतीसाठी धावतात. या नोकरीसाठी धावतात, आणि त्यातल्या काहींची पोरं झाडाखाली निजलेली असतात.

लहानीचा नवरा कळमना बाजारात हमाली करायचा. भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच येतात, त्यामुळे तो तीन वाजताच घरातून निघायचा. सासू होती, पण तिचे गुडघे गेलेले. दीड वर्षाचं धावरं पोर तिच्यानं कसं आवरावं? म्हणून एके दिवशी लहानी बाळाला काखेत घेऊनच मैदानावर आली. बाभळीखाली सतरंजी टाकली, त्याला बसवलं, हातात बिस्किट दिलं आणि धावायला निघाली. पहिली अर्धी चक्कर ठीक झाली. मग त्याला आई दिसेनाशी झाली आणि त्यानं जो सूर लावला! लहानी वाट सोडून सरळ मैदान कापत त्याच्याकडे आली. पुन्हा निघाली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, ‘अगं, तू रेषेकडे नाही, पोराकडे पळतेस.’

लहानी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘बाजी, याले पाहता का थोडं? दोनच चक्कर मारून येतो.’

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात उसनवारी असायची. वाटीभर साखर, विरजणाला चमचाभर दही, पाहुणे आले की दोन पाट आणि एक चादर. वाटी कधी रिकामी परत जात नसे. लहानीनं त्या दिवशी माझ्याकडे उसनं मागितलं ते सहा मिनिटं. पण मागताना तिचा चेहरा असा होता, की जणू पाच हजार रुपये मागतेय. साखर मागायला बाईला संकोच वाटत नाही, कारण ती घरच्यांसाठी असते. स्वतःसाठी वेळ मागायचा म्हटलं की जीभ अडखळते.

त्या दिवसापासून बाळाच्या पाळ्या लागल्या. कुणी वहीत लिहिल्या नाहीत. नर्सताई ज्या दिवशी यायची त्या दिवशी ती, एक दिवस वकिलीण, दोन दिवस मी. आठवड्याभरात ते पोर इतकं निर्ढावलं, की ज्याच्या गळ्यात शिट्टी असेल त्याच्याकडे जायला लागलं. लहानी आधी आठशे मीटरला चार मिनिटांच्या वर घ्यायची. बाई घड्याळ लावून उभ्या राहायच्या आणि वेळ ओरडून सांगायच्या. पावसाळा संपता संपता ती तीन मिनिटं आणि थोड्या सेकंदांवर आली. पूर्ण गुण हवे तर तीन मिनिटांच्याही आत यावं लागतं. ते काही तिला जमलं नाही. बारा तास उभं राहून घरकाम करणाऱ्या पायांना ते तसंही सोपं नसतं.

यातलं सोपं काहीच नव्हतं. लहानीच्या सासूच्या कानावर गेलं, की सून पंजाबी ड्रेस घालून मैदानावर धावते. ‘पोट्ट्यासारखी धावून राहिली,’ असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. चार दिवस लहानी आली नाही. पाचव्या दिवशी बाई आणि मी तिच्या घरी गेलो. भांडायला नाही, चहा प्यायला. सासूबाईंचे गुडघे हा विषय आम्हाला आयता मिळाला. बाईंनी आपले गुडघे दाखवले, मी माझ्या साखरेचं सांगितलं. तासभर बसलो. सुनेचं नावही आम्ही काढलं नाही. उठताना सासूच म्हणाली, ‘मी काय नाही म्हणून राहिली काय बाप्पा? पण अंधारात पोराले घेऊन एकटी जाते, जीव टांगणीले लागते ना.’ मुद्दा धावण्याचा नव्हताच. दुसऱ्या दिवसापासून पोळ्यावाल्या ताई तिला घ्यायला तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहू लागल्या, हातात काठी घेऊन. काठी कुत्र्यांसाठी. आणि कुत्र्यांसाठीच नाही, हे तुम्हाला कळलंच असेल.

एक गोष्ट रेडिओवर सांगावी की नाही असा विचार करत होते. सांगते. आमच्यातल्या एकीला मार्च महिन्यात मैदानावर घेरी आली. सावलीत निजवलं, पाणी दिलं, तेव्हा कळलं की आदल्या रात्रीपासून ती पाणीच प्यायलेली नव्हती. रोजा नव्हता, उपास नव्हता. का नाही प्यायलीस म्हणून नर्सताईनं खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, ‘दोन बाळंतपणं झाली. धावताना थेंब थेंब सुटतं. म्हणून पीत नाही.’ क्षणभर सगळ्या गप्प. मग बाई म्हणाल्या, ‘मलाही होतं गं.’ पाठोपाठ आणखी दोघी. आणि मग आम्ही ज्या हसलो, की पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. इतकी वर्षं प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच होतं. काळी सलवार घालायची, पाणी प्यायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही, हा प्रत्येकीनं आपापला शोधलेला एकच उपाय. नागपूरच्या उन्हात तो उपाय दुखण्यापेक्षा वाईट.

नर्सताईनं नीट समजावून सांगितलं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. ते आवळून धरायचे आणि सोडायचे, हा व्यायाम बसल्या जागी, बसमध्ये, भाकरी थापतानाही करता येतो. त्यानं पुष्कळ जणींना फरक पडतो, नाही पडला तर डॉक्टरांना दाखवायचं, लाजायचं काही कारण नाही. बाळंतपणानंतर धावायची घाई करू नये, साधारण तीन महिने तरी थांबावं, असं आता यातले जाणकार सांगतात. आमच्याकडे चाळीस दिवस म्हणतात, तुमच्याकडे सव्वा महिना. तेवढ्यात बाईनं चुलीपुढे उभं राहावं अशी मात्र सगळ्यांचीच अपेक्षा. आणि हो, अंगावर पाजणाऱ्या आईनं बेताचा व्यायाम केला तर दूध आटत नाही. हेही सांगून टाकते, कारण या एका भीतीपायी किती सासवांनी किती सुनांना घरात बसवलं असेल.

आमच्या बाईंना पाय ताणता ताणता इतिहास सांगायची खोड आहे. तो आठशेचा आकडा लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, तो त्यांच्याकडूनच आला. १९२८मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, जसे पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी असं रंगवलं, की जणू रणांगणावर प्रेतं पडली आहेत. बायकांच्या शरीराला हे झेपणार नाही असा निकाल लागला आणि ऑलिंपिकमधून बायकांचे ८०० मीटर बाद झाले. ते पुन्हा आले १९६०मध्ये, रोमला. बत्तीस वर्षांनी. मॅरेथॉनसाठी तर १९८४ उजाडावं लागलं. हे ऐकून लहानी म्हणाली होती, ‘आन् आमाले भरतीत तेच धावाले सांगतेत!’

त्याच हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कुन. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ती गेली तेव्हा तीस वर्षांची होती आणि दोन मुलांची आई होती. मुलं घरी ठेवून ही बाई धावायला कशी जाते, म्हणून तिच्यावर टीका झाली. तिनं चार सुवर्णपदकं आणली. परत आल्यावर गावानं मिरवणूक काढली आणि शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली. का, तर आता तुला इतकं धावायला नको! बाई हे सांगतात तेव्हा सगळ्या हसतात. मला मात्र त्या शेजाऱ्यांचं कौतुक वाटतं. पदकं तिची होती, पण ती रोज मैदानावर जायची तेव्हा दोन पोरांची आई घरातून जातेय हे त्या शेजारणींनीच तर पाहिलं असणार.

आपल्याकडे पी. टी. उषा. लॉस एंजलिसला १९८४मध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागानं त्यांचं पदक हुकलं हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण लग्न होऊन, मुलगा झाल्यावर त्या परत मैदानावर आल्या आणि १९९८मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जपानमध्ये फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्यपदकं घेऊन आल्या, हे किती जणांना आठवतं? हुकलेलं पदक आपल्याला जास्त आवडतं की काय कोण जाणे.

आणि बारामतीच्या लताबाई करे. साठी ओलांडलेली शेतमजूर बाई. नवरा आजारी, तपासणीला पैसे नाहीत. २०१३-१४च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. बक्षिसाची रक्कम पाच हजार रुपये. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. २०१६मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईला धावत निघाले तेव्हा त्यांच्या आई, उषा सोमण, साडीत आणि अनवाणी लेकाबरोबर काही अंतर धावल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली ही आई पाहून सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. दोघीही साडीत, दोघीही अनवाणी. मला दोघींचंही कौतुक आहे. पण एकीच्या पायात चप्पल नव्हती ती हौसेनं, आणि दुसरी धावली ती धावण्यावाचून गत्यंतर नव्हतं म्हणून. नवऱ्याच्या तपासणीचे पैसे बाईला शर्यत जिंकून मिळवावे लागतात, यावर टाळ्या वाजवताना माझे हात जड होतात. लताबाईंनी आदल्या दिवशी कुणाकडे पाच हजार उसने मागितले असते, तर ते देणारं कुणी होतं का, हा प्रश्न सिनेमा पाहूनही माझ्या मनातून जात नाही.

आपल्या शहरातलंही एक सांगते. प्राजक्ता गोडबोले ही नागपूरच्या सिरसपेठेतली धावपटू. २०१९मध्ये इटलीत झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ती भारतातर्फे धावली. दुसऱ्या वर्षी टाळेबंदी आली. वडील आजारपणामुळे घरी, आई केटरिंगवाल्यांकडे स्वयंपाक करणारी. लग्नकार्यं बंद झाली तशी घरातली मिळकतही बंद झाली. देशासाठी धावलेल्या मुलीचं घर त्या दिवसांत शेजाऱ्यांनी दिलेल्या तांदूळ-डाळीवर चाललं, हे २०२०च्या मे महिन्यात वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं. मला त्या बातमीत पोरीइतकीच तिची आई दिसत राहिली. शेकडो पानांचा स्वयंपाक करून पोरीला धावायला पाठवणारी. आणि दिसत राहिल्या त्या शेजारणी, ज्यांच्या घरातही तेव्हा डाळीचा डबा काही भरलेला नसणार.

लहानीच्या परीक्षेच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. पहाटे चारला हजर व्हायचं होतं. नवरा बाजारातून सुटू शकला नाही. बाळाला घेऊन आम्ही तिघी फाटकाबाहेर उभ्या होतो. बाई, मी आणि ड्युटीवरून थेट आलेली नर्सताई. आत उमेदवारांची रांग, आणि बाहेर आमच्यासारख्यांची दुसरी रांग. नातवंडं मांडीवर घेतलेल्या आज्या, बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारणारे दोन-तीन बाप. हो, बापही होते, त्यांची नोंद घ्यायलाच हवी. रात्रभराच्या प्रवासानं आलेली माणसं फुटपाथवरच पथाऱ्या टाकून होती.

तेवढ्यात एक मुलगी आली, काखेत आठ-नऊ महिन्यांचं बाळ. गोंदियाकडच्या खेड्यातून एकटी आली होती. ज्या नातलगाच्या भरवशावर आली तो आलाच नव्हता. रांग पुढे सरकत होती. ती एकदा रांगेकडे बघायची, एकदा बाळाकडे. नर्सताईच्या अंगावर पांढरा कोट होता, तो तिला दिसला. ती काही बोलायच्या आतच नर्सताईनं हात पुढे केले, ‘दे इकडे. दूध कधी पाजलंस?’ बस, एवढंच विचारलं. बाईंनी पोरीच्या प्रवेशपत्राच्या मागे आपला फोन नंबर लिहिला. ती आत गेली. साडेतीन तास ते बाळ आमच्या तिघींच्या मांड्यांवरून फिरत राहिलं आणि लहानीचं पोर त्याच्याकडे मालकी हक्कानं बघत राहिलं. ती परत आली तेव्हा घामानं निथळत होती, कुर्ता पुढून दुधानं ओला झाला होता. बाळाला ओढणीखाली घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसली. आम्ही तिच्या भोवती पाठ करून उभ्या राहिलो. अर्ध्या तासानं उठली, तिघींच्या पाया पडली आणि बसस्टँडकडे निघून गेली. मी कवितेत शब्द मोजून वापरणारी बाई, पण नर्सताईच्या त्या ‘दे इकडे’ची बरोबरी करतील असे दोन शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

लहानी मैदानात पास झाली. लेखी परीक्षेत तिचे थोडे गुण कमी पडले. पुढची भरती निघाली तेव्हा तिचं वय बसत नव्हतं. इथे मला काहीतरी चांगलं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं भरतीचं पुस्तक पोळ्यावाल्या ताईंच्या मुलीला देऊन टाकलं. आता ती एका शाळेच्या बसवर मदतनीस आहे. धावणं मात्र सोडलेलं नाही. हिवाळ्यात शहरात ज्या शर्यती होतात त्यात दहा किलोमीटर धावते. म्हणते, ‘इथं बरं आहे बाजी, जन्मतारीख कोणी पाहत नाही.’

आणि एप्रिल २०२१. त्या महिन्याविषयी नागपूरकरांना काही वेगळं सांगायला नको. आमच्यातल्या एकीचा नवरा गेला. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. दोन मुली, एक अकरा वर्षांची, एक चौदा. भेटायला जायची सोय नव्हती. दारात डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे सरून रस्त्यावर उभं राहायचं. ती डबा उचलून आत जाईपर्यंत. पुन्हा पाळ्या लागल्या, बाळाच्या लागल्या होत्या तशाच. नर्सताई तेव्हा घरीसुद्धा जात नव्हती, तिच्याच घरी दुसरा डबा जात होता. साडेतीन महिन्यांनी ती मैदानावर आली. कुणी काही विचारलं नाही. तिनं किल्ली माझ्या रुमालात ठेवली आणि धावायला लागली. एरवी तीन चकरा मारणारी बाई त्या दिवशी थांबेचना. बाई तिच्या मागे चार पावलांवर धावत राहिल्या, बोलल्या नाहीत, पुढेही गेल्या नाहीत. बाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. सात चकरा झाल्या. मग दोघी येऊन बसल्या आणि ती रडली. घरी मुलींसमोर रडता येत नव्हतं.

दरवर्षी आठ मार्चला मैदानांवर गुलाबी टी-शर्ट वाटतात, फोटो निघतात, ‘आई, तू धाव’ असे फलक लागतात. चांगलं आहे, माझा विरोध नाही. पण नऊ मार्चला पहाटे पाच वाजता त्या आईच्या घरी कोण जाऊन बसणार, हे फलकावर नसतं.

आमच्याकडे हिशेब असा चालतो. रमजानमध्ये मी धावत नाही. सहरी आणि फजरची नमाज झाली की मैदानावर जाते आणि महिनाभर पोरं आणि किल्ल्या सांभाळते. त्या महिन्यात सगळ्या जणी निवांत धावून घेतात. महालक्ष्म्यांच्या दिवसांत बाकीच्यांना सवड नसते, तेव्हा राहिलेल्या आम्ही दोघी-तिघी ज्यांना यायचंच आहे त्यांची मुलं बघतो. कुणी कुणाचं किती देणं लागतं ते कुणालाच सांगता येणार नाही.

सध्या मैदानावर दोन नव्या मुली येतात, दोघींची पोरं तीन वर्षांच्या आतली. त्यातली एक भरतीची तयारी करते. लहानी सोमवारी आणि मंगळवारी त्या पोरांना बघते. तिचा स्वतःचा मुलगा आता शाळेत जातो आणि शिट्टी त्याच्या गळ्यात असते. बुधवारी मी, शुक्रवारी वकिलीण, शनिवारी बाई. गुरुवार रिकामा आहे. नर्सताईची पाळी बदलली, तेव्हापासून कुणी मिळालेलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला जमणार असेल तर पाच ते सहा, बाभळीच्या बाजूला. धावता आलं नाही तरी चालेल.